बिनकमाईच्या खेळातील अर्धशतक

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचे अर्थकारण ६ जून २०२५ रोजी बदलले. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने त्या दिवशी एका तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांना क्रीडा उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. फुटबॉल आणि बास्केटबॉलपटूंच्या दृष्टीने हा उशिरा मिळालेला न्याय आहे. मात्र, ज्या खेळांना तिकीटविक्री नाही आणि दूरचित्रवाणीचे हक्कही नाहीत, त्यांच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. नौकानयन हा त्यांपैकीच एक खेळ. त्यात नेमके काय पणाला लागले आहे, हे हॅरी पार्कर यांच्या कारकिर्दीवरून उमगते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले पार्कर तेथे जो बर्क यांच्या हाताखाली नौकानयनात तयार झाले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकेरी शर्यतीत ते पाचवे आले. त्यानंतर ते हार्वर्डमध्ये नवागतांचे प्रशिक्षक झाले. १९६३ मध्ये मुख्य प्रशिक्षक हार्वे लव्ह यांचे अकस्मात निधन झाले आणि अवघ्या सत्ताविशीतील पार्कर यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी ती २०१३ पर्यंत सोडली नाहीत. १९६३ ते १९८० या काळात हार्वर्डने येलला सलग १८ वेळा हरविले. पार्कर यांच्या कारकिर्दीतील अशा ५१ वार्षिक लढतींपैकी ४४ हार्वर्डने जिंकल्या.

हे यश कशातून आले? पार्कर मितभाषी होते. हार्वर्डच्या स्टेडियमच्या पायऱ्या धावत चढणे हा त्यांच्या सरावाचा कणा होता. निवडीसाठी ते एका साध्या पण निर्दय पद्धतीचा आधार घेत. दोन नौकांची शर्यत लावायची, मग दोन्हींतील एकेक वल्हेकरी अदलाबदल करून तीच शर्यत पुन्हा घ्यायची. अंतरात पडलेला फरक म्हणजे त्या दोघांमधील फरक. प्रशिक्षकाच्या मर्जीला येथे फारसा वाव उरत नाही.

१९६८ मध्ये हार्वर्डने निवड चाचणीत पेनसिल्व्हेनियाला, म्हणजे खुद्द बर्क यांच्याच संघाला, निसटत्या फरकाने मागे टाकले आणि मेक्सिकोचे तिकीट मिळविले. या खेळाडूंनी कृष्णवर्णीय क्रीडापटूंच्या आंदोलनाला जाहीर पाठिंबा दिला होता. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदकमंचावर मुठी उंचावल्या, तेव्हा रौप्यपदक विजेते पीटर नॉर्मन यांच्या छातीवरील बिल्ला हार्वर्डच्या पॉल हॉफमन यांनी दिलेला होता. त्यासाठी हॉफमन यांना अमेरिकी ऑलिम्पिक समितीपुढे उभे राहावे लागले. नौका अंतिम फेरीत सहावी, म्हणजे शेवटची आली. एकाच महाविद्यालयाच्या संघाने आठ वल्हेकऱ्यांच्या ऑलिम्पिक शर्यतीत अमेरिकेचे प्रतिनिधित्व करण्याची ती अखेरची वेळ ठरली.

पार्कर यांनी हा बदल स्वीकारला. १९७२ मध्ये देशभरातून निवडलेल्या संघाला त्यांनी म्युनिकमध्ये रौप्यपदकापर्यंत नेले. महिलांचे नौकानयन १९७६ मध्ये प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आले. त्या वर्षी माँट्रियलमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी महिलांच्या आठ जणींच्या संघाचे प्रशिक्षकही तेच होते.

अर्थात, या कारकिर्दीचे उदात्तीकरण करताना हार्वर्डची श्रीमंती विसरून चालणार नाही. हौशी खेळाच्या निर्मळ भूतकाळाची कथाही तपासून घ्यावी लागेल. १८५२ ची पहिली हार्वर्ड-येल शर्यत ही अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने प्रवासी मिळविण्यासाठी केला होता. पैसा या खेळात पहिल्या दिवसापासून होता. बदलला आहे तो पैशाचा संयम. स्टॅनफर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठानेही २०२० मध्ये पुरुषांच्या नौकानयनासह ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. माजी खेळाडूंच्या रेट्यानंतर २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हार्वर्ड ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, तिने नव्या तडजोडीपासून दूर राहणे पसंत केले. इतरांना ही चैन परवडेलच असे नाही.

आपल्याकडे हा संयम दाखविला तो लष्कराने. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर वल्हे हाती घेतो आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा येतो, यामागे कोणताही नफ्याचा हिशेब नव्हता.

पार्कर यांचे निधन २५ जून २०१३ रोजी झाले. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, दुर्धर आजारातही, त्यांनी हार्वर्डची नौका येलच्या पुढे काढली होती. तसा प्रशिक्षक पुन्हा मिळेलही, पण त्याला पन्नास वर्षे देणारी संस्था मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे.