सिंधूची शेवटची जबानी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. पक्षी पाहण्यासाठी आलेली मंडळी अभयारण्याच्या फाटकाशी उतरतात. जवळच्या शिरढोण गावाकडे मात्र थोडेच वळतात. १८४५ साली या गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आज पनवेलच्या नाट्यगृहाला या आद्य क्रांतिवीराचे नाव आहे.

नाट्यगृहाला हे नाव शोभते, कारण फडके यांचे आयुष्यच एखाद्या शोकांतिकेसारखे आहे. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यातील नोकरी, आजारी आईला भेटण्यासाठी मागितलेली आणि वेळेवर न मिळालेली रजा, आईचा मृत्यू, पुढे बंड, अटक आणि १८८३ साली एडनला झालेला अंत. या कथेत दोन स्त्रिया आहेत. आईचे मरण नायकाच्या संतापाचे कारण म्हणून येते. पत्नी गोपिकाबाई यांना फडके यांनी लिहावाचायला शिकविले, एवढे चरित्रांत आवर्जून सांगितलेले असते. बंड सुरू झाले की कथा पुढे निघून जाते आणि त्या मागे राहतात.

शोकांत नाटकांतही स्त्रीची जागा बहुधा अशीच असते. मराठीतील पहिली शोकांतिका म्हणून ज्याचे नाव घेतात, ते विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ साली प्रसिद्ध झाले. थेऊरला माधवरावांनी देह ठेवला आणि रमाबाई सती गेल्या, हा १७७२ सालचा इतिहास त्यामागे आहे. मराठी शोकांतिकेच्या उंबरठ्यावरच अशी चितेवर चढणारी स्त्री उभी आहे. तिच्या धैर्यापुढे प्रेक्षकांनी हात जोडले, आणि पुढील साठ वर्षे नायिकेच्या थोरपणाचे माप जणू तेच ठरले.

त्या मापाचा कळस म्हणजे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मधील सिंधू. गडकरी यांचा जन्म नवसारीचा, आणि या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तोही बडोद्यास, १९१९ साली. तो पाहायला नाटककार हयात नव्हता; त्याच वर्षीच्या जानेवारीत वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गडकरी निवर्तले होते. नाटकातील पदेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगांत सिंधू होत असत बालगंधर्व. ज्यांच्या शालू-पैठण्यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत, ते बालगंधर्व येथे फाटक्या लुगड्यात जात्यावर बसलेले दिसत, आणि प्रेक्षागृह हुंदक्यांनी भरून जाई.

कथा सर्वश्रुत आहे. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयातील अपमान आणि रद्द झालेली सनद त्याला जिव्हारी लागते. तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. घर रिकामे होते. सिंधूचे माहेर श्रीमंत आहे, भाऊ पद्माकर तिला न्यायला तयार आहे. पण ती नवऱ्याचे घर सोडीत नाही, माहेरचा पैसा घेत नाही, दळण दळून लेकराला जगविते. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकरच्याच हातून ते लेकरू मरते आणि सिंधूवरही प्राणांतिक घाव बसतो. पोलीस येतात तेव्हा मरणाच्या दारात असलेली सिंधू नवऱ्यावर आळ येऊ नये अशी खोटी जबानी देते.

शंभर वर्षे या प्रसंगावर अश्रू ढाळले गेले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. परंतु या क्षणी सिंधू केवळ सोसत नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. नाटकभर सुधाकर निश्चय करतो आणि मोडतो. सिंधू एकदा ठरविते आणि पार पाडते. तिच्या शब्दावर फौजदाराचा कागद अवलंबून असतो. कायद्याचे सारे बळ त्या घटकेला त्या मरणोन्मुख बाईच्या हाती येते, आणि ते ती आपल्या लेकराच्या मारेकऱ्यासाठी खर्च करते. हा नायिकेचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. ही प्रचंड शक्ती आहे, आणि ती चुकीच्या पारड्यात टाकलेली आहे.

या जबानीला एक थोरली बहीण आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये नवऱ्याने गळा दाबलेली डेस्डिमोना मरता मरता हे कृत्य आपले आपणच केले असे सांगते. हे नाटक गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली ‘झुंझारराव’ या नावाने मराठीत आणले आणि डेस्डिमोनेची कमळजा झाली. म्हणजे सिंधू रंगमंचावर येण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे मराठी प्रेक्षक निरपराध पत्नीचे असे मरण पाहत होता. परंतु शेक्सपिअरने त्याच दालनात एमिलियाही उभी केली आहे. ती डेस्डिमोनेची दासी आणि खलनायक इयागोची बायको. गप्प बसण्याची नवऱ्याची आज्ञा ती उघडपणे मोडते, सगळे कारस्थान चव्हाट्यावर आणते आणि त्याबद्दल नवऱ्याच्याच हातून मरते. ग्रीक शोकांतिकेतील अँटिगनी तर याहून पुढची. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेताला माती दिलीस काय, असे राजा क्रेऑन विचारतो तेव्हा नाकारून सुटण्याचा विचारही तिच्या मनात येत नाही. सिंधू खोटे बोलून दुसऱ्याला वाचविते. अँटिगनी खरे बोलून स्वतःला गमावते.

गडकरी यांना या दुसऱ्या वाटेची जाणीव नव्हती, असे म्हणता येत नाही. तळीरामाची बायको गीता ही त्यांचीच निर्मिती. तिची भाषा ओबडधोबड, तोंड फटकळ. नवऱ्याचे व्यसन झाकण्याची तिला गरज वाटत नाही; जे आहे ते ती बोलून मोकळी होते. नाटककाराने तिला विनोदाच्या बाजूला बसविले आणि प्रेक्षक तिच्यावर हसले. सिंधू मरते, गीता जगते, आणि तरी आदर्श म्हणून गीतेचे नाव कोणी घेतले नाही.

येथे हा विषय रंगभूमीवरून खाली उतरून घरात येतो. व्यापारी कुटुंबात अब्रू ही पेढीच्या भांडवलाइतकीच जपली जाते, किंबहुना तीच भांडवल असते. घरातील कर्ता पुरुष पिऊ लागला, सट्ट्यात बुडू लागला, तर पहिली खबर बाजाराला लागत नाही, मुनीमजींनाही लागत नाही. ती लागते त्याच्या पत्नीला. तिजोरीतून दागिना गेला हे तिला कळते, रात्रीचा वास तिला कळतो. अशा वेळी ‘माहेरी कळू देऊ नकोस’, ‘दिराच्या कानावर घालू नकोस’ असे तिला बजावणारी वडीलधारी माणसे पुष्कळ असतात, आणि ती तसे वागली की तिच्या सोशिकपणाचे चारचौघांत कौतुकही होते. ज्या पेढीवर दर दिवाळीला वहीपूजन होते, तेथे बुडीत खाते वर्षानुवर्षे झाकून ठेवणाऱ्या मुनिमाला कोणी निष्ठावंत म्हणणार नाही. सुनेकडून मात्र त्याच झाकपाकीची अपेक्षा असते.

‘एकच प्याला’तही सर्वनाश एका रात्रीत होत नाही. पद्माकर येतो तेव्हा लेकरू जिवंत असते. हात पुढे करणारा रामलालही असतो. सिंधूने माहेरची मदत पत्करली असती तर सुधाकर सुटला असता असे नाही, कारण गडकरी यांच्या मते तो प्याला सुटणारा नव्हताच. पण लेकरू वाचले असते. मग शोकांतिकेचा पाचवा अंक लिहिता आला नसता, आणि म्हणूनच नाटककाराने तिला उंबरा ओलांडू दिला नाही. ती नाटकाची गरज होती.

ग्रीकांच्या रंगमंचावर अँटिगनीचा मुखवटा पुरुष घालीत, शेक्सपिअरची डेस्डिमोना कोवळ्या वयाचे मुलगे करीत, आणि सिंधू बालगंधर्वांनी केली. लिहिणारे पुरुष, सोंग घेणारेही पुरुष. आपल्या मराठी नाटकगृहांत मात्र बायकांसाठी वेगळी जागा राखलेली असे, आणि सिंधूच्या मरणाच्या वेळी तेथे सर्वाधिक पदर डोळ्यांना लागत. गीतेच्या फटकळ बोलण्यावर पदराआड हसू दाबणाऱ्या स्त्रियाही त्याच जागी बसलेल्या असत.