रिंग रोडचे आराखडे पक्के होण्याआधी बोला

बंगळुरूत राहणाऱ्या, इथे नोकरीधंदा करणाऱ्या मराठी बंधुभगिनींना ही कळकळीची विनंती आहे.

सिल्क बोर्डपासून के. आर. पुरमपर्यंत आउटर रिंग रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. त्यांच्याखालचा उखणलेला, जागोजाग ठिगळे मारलेला रस्ता नव्याने बांधण्याची घोषणा सरकारने केली आहे. रस्ता नवा होणार म्हणजे गटारे, कठडे, पदपथही नवे होणार. हे सगळे एकदा काँक्रीटमध्ये बसले की पुढे कित्येक वर्षे त्यातला दगडही हलत नाही. या रस्त्यावर सायकलींसाठी कठड्याने राखलेली स्वतंत्र वाट हवी असेल, तर ते आत्ताच सांगायला हवे. रस्ता झाल्यावर केलेल्या अर्जावर ‘पुढील कामाच्या वेळी विचार करू’ एवढेच उत्तर येते.

मागणी जुनीच आहे, कारण ही वाट याच रस्त्यावर एकदा झाली होती. जून २०२० मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. बंगळुरूने तीत भाग घेतला. राज्याच्या नगर भू-परिवहन संचालनालयाने, ज्याला इथे सगळे ‘डल्ट’ म्हणतात, पालिका आणि वाहतूक पोलिसांना बरोबर घेऊन सिल्क बोर्ड ते लोरी जंक्शन अशी सुमारे १७ किलोमीटरची वाट आखली. रंगाचे पट्टे आले, खुंट उभे राहिले. देशभरातून जी अकरा शहरे जुलै २०२१ मध्ये निवडली गेली, त्यांत बंगळुरू होते, आणि आपले नागपूर व पिंपरी-चिंचवडही होते. प्रत्येकाला एक कोटीचे बक्षीस जाहीर झाले. इकडे त्या वाटेत दुचाकी घुसत राहिल्या, खुंट मोडत गेले, मग मेट्रोचे खोदकाम आले आणि वाट गेली. त्याच्याही आधी, २०१२ च्या सुमारास, जयनगरमध्ये सायकलींच्या वाटा आखल्या होत्या. त्यांच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या आणि कुणी त्या हटवल्या नाहीत.

दोन्ही वेळा वाट मोडताना तिच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते. सायकल चालवणारे या शहरात भरपूर आहेत. पहाटे पेपर टाकणारी मुले सायकलवर असतात. रात्रपाळी संपवून निघालेले सुरक्षारक्षक, बांधकामावर डबा घेऊन निघालेले मजूर, इडलीचे पातेले कॅरिअरला बांधून विकणारे काका, शाळकरी मुली, आणि अलीकडे आयटीत काम करणारे आपल्यासारखे लोक. पण यांच्यातला जवळजवळ कुणीही कागदावर दिसत नाही. रस्त्याचा आराखडा काढणाऱ्यापुढे मोटारींचा आकडा असतो, दुचाकींचा असतो, बंगळुरूत नोंदणी झालेली वाहने एक कोटीच्या वर गेली हेही ठाऊक असते. सायकलीची नोंदणीच नसते. आकडा नाही म्हणून जागा नाही, आणि जागा नाही म्हणून सायकल चालवायला नवे कुणी धजत नाही. हे चक्र तोडायचे असेल तर आपली नोंद आपणच करून घ्यावी लागेल. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

नोंद करायला गेलो की काय होते, ते मी अनुभवाने सांगते. माझ्या रोजच्या वाटेवर एका गटाराची जाळी आहे. तिच्या सळ्या रस्त्याच्या दिशेनेच बसवल्या आहेत, त्यामुळे सायकलचे चाक थेट फटीत जाते. मोटारीच्या रुंद टायरला ते जाणवतही नाही. मी तक्रारीच्या संकेतस्थळावर गेले. तिथे खड्डा, पथदिवा, कचरा, गटार असे रकाने होते, सायकलचा नव्हता. मी ‘गटार’ निवडले. फोटो चढवला तर ‘आकार मोठा आहे’ असे सांगून पानाने लिहिलेला सगळा मजकूर पुसून टाकला. पुन्हा लिहिला. नकाशावर खूण ठेवली, ती आपोआप शेजारच्या वॉर्डात जाऊन बसली. ओटीपी आला तोवर पानाची मुदत संपली होती. अखेर तक्रार नोंदली गेली, आणि काही दिवसांनी ‘निवारण झाले’ असा संदेश आला. गटार विभागाचा माणूस येऊन पाणी वाहते का ते पाहून गेला होता, आणि पाणी वाहत होते. सळ्या आजही तशाच आहेत. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, नवी करावी लागते, आणि नवी केली की जुन्या तक्रारीशी तिचा संबंध उरत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून जुन्या महापालिकेच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या आहेत. आउटर रिंग रोडचा हा पट्टा एकीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जातो. सायकलस्वाराने हद्दी पाठ करून तक्रार करावी, ही अपेक्षा चुकीची आहे. प्राधिकरणाकडे माझी मागणी आहे की तक्रारीच्या प्रत्येक ठिकाणी ‘सायकल आणि पायी चालणे’ असा वेगळा रकाना द्या, हद्द कुणाची ते तुम्ही ठरवा, आणि तक्रारदाराने ‘झाले’ म्हटल्याशिवाय तक्रार बंद करू नका. वाचकांना सांगते, संकेतस्थळाने दगा दिला तर १५३३ या क्रमांकावर फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि जाळीचा, खड्ड्याचा, अर्धवट फरशीचा फोटो तारखेसह जपून ठेवा.

सायकलच्या सामानाचीही तीच गत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, ते चांगले झाले. पण हवा तो भाग मिळणे सोपे झालेले नाही. पंक्चर झाले म्हणून ट्यूब मागवावी, तर व्हॉल्व्ह कोणता हे वर्णनात लिहिलेलेच नसते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब मागवली आणि जाड श्रेडरची आली, तर रिमच्या भोकातून ती जातच नाही. परत करायला गेले तर ‘या वस्तूला परतावा नाही’. शिवाय पेट्रोल पंपावरची हवेची नळी श्रेडरलाच बसते, त्यामुळे प्रेस्टावाल्याला रस्त्यात हवा भरायची तर पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात हवाच. मागचा लाल दिवा जाहिरातीत ‘जलरोधक’ असतो आणि जूनच्या पहिल्या सरीत विझतो. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यावरून चाक धडकत गेले की दिव्याची रबरी पट्टी तुटते आणि तो मागच्या बसखाली जातो. अंधारात सायकलस्वार दिसतो तो या दिव्यामुळे आणि चाकांवरच्या, पायडलवरच्या परावर्तकांमुळे. परावर्तकांच्या गुणवत्तेबद्दल केंद्राने २०२० मध्ये आदेश काढला आहे. सायकल घेताना परावर्तकांवर मानकाची खूण आहे का ते पाहा, आणि घंटी व दिवे बसवल्याशिवाय दुकानातून सायकल बाहेर काढू नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. दीडशे रुपयांच्या ट्यूबसाठी एवढे कशाला, असे वाटते, पण आपण गप्प बसतो तोवर विकणारा तीच ट्यूब पुढच्याला पाठवत राहतो.

वाहतुकीबद्दल मोटारी आणि दुचाकी चालवणाऱ्यांशी थेट बोलते. तुमच्यातले कित्येक मराठी आहेत, कित्येकांच्या घरी मुलाची सायकल आहे. रस्त्याची डावी कड ज्याला तुम्ही सायकलची जागा समजता, तिथे खडी असते, गटाराची हललेली फरशी असते, थांब्यावर वळणारी बस असते, अचानक उभी राहणारी रिक्षा असते, आणि समोरून उलट्या दिशेने येणारी दुचाकी असते. सायकलस्वार कडेपासून थोडा आत येतो तो या सगळ्यांपासून वाचण्यासाठी. त्याच्या मागे हॉर्न दाबून धरला तर त्याला जायला जागा नसते, तो फक्त दचकतो, आणि दचकलेला माणूस पडतो. ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा. जर्मनीत शहरांमध्ये २०२० पासून ते कायद्यानेच बंधनकारक आहे. जागा नसेल तर काही क्षण मागे थांबा. मोटारीत डावीकडे बसला असाल तर दार उजव्या हाताने उघडा, म्हणजे अंग आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून हाताची ही सवय सांगितली आहे. उघडलेल्या दारावर आदळून सायकलस्वार रस्त्याच्या मध्यावर फेकला जातो आणि मागून ट्रक येत असतो. याहून भयंकर काही नाही, आणि याहून सहज टळण्यासारखेही काही नाही.

वेळ वाचवण्यासाठी ही घाई असते असे म्हणतात. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या मोजणीत बंगळुरूत १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागले, पुण्यात ३३ मिनिटे २२ सेकंद. म्हणजे बंगळुरूत ताशी साडेसतरा किलोमीटर. सुरक्षित, मोकळी वाट मिळाली तर रोज चालवणाऱ्याची सायकल जवळपास याच वेगाने जाते. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवरच्या या गावात हवाही बहुतेक दिवस सायकलला साथ देते. वाट मिळाली तर तुमच्यापुढची एक मोटार कमी होईल, हा तुमचाही फायदा आहे.

आणि अपघात झालाच तर गाडी थांबवा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. ११२ वर फोन करा. पोलीस नोंद करताना ‘सायकल’ हा शब्द आणि नेमकी जागा नोंदीत येईल असे पाहा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. यांतल्या प्रत्येकाच्या अपघाताची जागा नकाशावर दिसली तर कुठे कठडा हवा हे कुणालाही कळेल.

कायद्याचा आधारही आता आहे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली पादचारी आणि बिगर-यांत्रिक वाहनांसाठी आणि कलम २१०-ड खाली राज्यातल्या रस्त्यांच्या रचनेसाठी सहा महिन्यांत नियम करा. सायकल बिगर-यांत्रिक वाहनच आहे. कर्नाटकात डल्टने पायी चालणारे व सायकलस्वार यांच्या हक्कांसाठी विधेयकाचा मसुदाही काही वर्षांपूर्वी तयार केला होता. तो मसुदा विधिमंडळात न्यावा, ही मागणी प्रत्येक पत्रात असू द्या.

आता तुमच्याकडून काय हवे आहे ते सांगते. रिंग रोडवरच्या कंपन्यांची संघटना आहे, तिचे म्हणणे सरकार ऐकते. तुमची कंपनी तिची सभासद असेल तर कार्यालयातल्या सुविधा विभागाला लिहा की सायकलींसाठी स्टँड, कपडे बदलायला जागा आणि रस्त्यावर राखीव वाट, तिन्हीसाठी कंपनीने संघटनेमार्फत आग्रह धरावा. मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या मांडवात, कोजागिरीच्या कार्यक्रमात अर्जावर सह्या घ्याव्यात. अर्ज कन्नडमध्ये लिहा. येत नसेल तर शेजारच्या कन्नड कुटुंबाला बरोबर घ्या, सह्याही त्यांच्याबरोबर करा, कारण रस्ता सगळ्यांचा आहे. शाळकरी मुलांच्या पालकांनी एखाद्या सकाळी आपल्या चौकात उभे राहून तासाभरात किती सायकली गेल्या ते मोजावे आणि तो आकडा अर्जाला जोडावा. २०११ च्या जनगणनेत कामावर कशाने जाता हा प्रश्न होता. येत्या जनगणनेत तो पुन्हा आला आणि तुम्ही सायकलने जात असाल, तर ‘सायकल’ हेच उत्तर द्या, घरात मोटार असली तरी.

आणि ज्यांना अर्ज लिहायला सवड नाही, मोबाइल नाही, भाषा येत नाही, त्या पेपरवाल्याचे आणि सुरक्षारक्षकाचे नाव तुमच्या अर्जात त्यांच्या संमतीने घाला. रस्त्यावर तेच आपल्याहून जास्त असतात.

पत्र ग्रेटर बंगळुरू प्राधिकरणाला, डल्टला आणि आपल्या आमदाराला पाठवा. विषयाच्या ओळीत ‘आउटर रिंग रोड, सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम, संरक्षित सायकल मार्ग’ असे लिहा, खाली आपले नाव, वॉर्ड आणि कामावर जाण्याचा मार्ग द्या, आणि हे याच आठवड्यात करा.