हिरवा ठिपका आणि सक्तीची संमती

मोबाइलच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात मधूनच उमटणारा बारीक ठिपका पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा अर्थ मात्र थोड्यांनीच जाणून घेतला असेल. एखादे ॲप या क्षणी कॅमेरा वा मायक्रोफोन वापरीत आहे, एवढे तो सांगतो. ॲपलने २०२० साली आयफोनवर ही सोय आणली. तेथे केवळ मायक्रोफोन चालू असेल तर ठिपका नारिंगी आणि कॅमेरा चालू असेल तर हिरवा असतो. अँड्रॉइडच्या २०२१ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून दोहोंसाठी हिरवीच खूण दिसते. आपण बोलत नसता वा छायाचित्र घेत नसता ती दिसली, तर कोणते ॲप जागे आहे याची चौकशी केलीच पाहिजे.

परंतु ठिपका चालू गोष्ट दाखवितो, ती थांबवीत नाही. आणि तो सारे दाखवितो असेही नाही. एखादे ॲप आपल्या फोनमधील नावे व नंबर उचलून नेते, तेव्हा पडद्यावर कसलाही ठिपका उमटत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या अनेक ॲप्सनी याचाच धंदा केला. कर्ज देताना संपर्कयादी वाचण्याची परवानगी घ्यायची आणि हप्ता थकताच कर्जदाराच्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून त्याची बेअब्रू करायची, अशी ही रीत. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲप्सना संपर्कयादी, कॉलच्या नोंदी व फायली यांपासून दूर राहण्याचा आदेश दिला.

कर्जदाराने परवानगी दिली होती, हे खरे. पण ज्यांना धमक्यांचे फोन गेले, त्यांना कोणी विचारले होते? कार्यकर्त्याच्या फोनमध्ये तर शेकडो माणसांचे नंबर असतात. संपातील कामगार, धरणग्रस्त शेतकरी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांनी ते विश्वासाने दिलेले असतात. त्यांची परवानगी परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार आपणांस नाही.

म्हणून प्रत्येकाने सेटिंग्जमधील परवानग्यांचे पान एकदा शांतपणे वाचावे. संपर्कयादी कोणकोणत्या ॲप्सना खुली आहे ते पाहून अनावश्यक परवानग्या काढून घ्याव्यात. कॅमेरा व मायक्रोफोन ॲप वापरात असतानाच मिळावेत. जेथे अंदाजे ठिकाण पुरते, तेथे अचूक ठिकाण देऊ नये. न वापरलेली ॲप्स काढून टाकावीत.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही. घरोघर माल पोचविणाऱ्या कामगाराने ठिकाण कळविण्यास नकार दिला तर त्याला कामच मिळत नाही. त्याच्या होकाराला संमती म्हणणे ही थट्टा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त असावी असे लिहिले आहे. पण त्याच कायद्याने आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. कामाला आवश्यक नसलेली परवानगी नाकारली म्हणून कोणाचे काम वा कर्ज अडविता येणार नाही, आणि काम संपल्यावर कामगाराचा माग काढता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आपण मागितली पाहिजे. कामगार संघटनांनी हा विषय आपल्या मागणीपत्रात वेतनाच्या शेजारी लिहावा.