क्युबाचे ताट, बेंगळुरूचा बाजार

परदेशी पदार्थ म्हटला, की महागडे डबे, न मिळणारे मसाले आणि एकदा वापरून वर्षभर कपाटात पडून राहणारी बाटली, हेच बहुतेक गृहिणींच्या डोळ्यांसमोर येते. क्युबाच्या घरगुती स्वयंपाकाला यातले काहीच लागत नाही. भात, राजमा, कच्ची केळी, कंद, लसूण, जिरे, लिंबू आणि साखर एवढ्यावर तिथले रोजचे जेवण होते. बेंगळुरूत गांधी बाजार, मल्लेश्वरम किंवा कृष्णराजेंद्र मार्केटमध्ये एक फेरी मारली, की सारे सामान पिशवीत येते.

मराठी घराला तर यातला एक पाहुणा चांगलाच परिचयाचा आहे. क्युबात ज्याला ‘युका’ म्हणतात, तो कंद म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा बनतो तोच. बेंगळुरूपासून काही तासांच्या अंतरावर असलेले तमिळनाडूतील सेलम हे साबुदाण्याचे मोठे केंद्र आहे. कन्नडमध्ये या कंदाला ‘मरगेणसू’ म्हणतात, भाजीवाल्याकडे हेच नाव सांगावे. राजमा आणि हा कंद मूळचे अमेरिका खंडातले, तर ऊस आणि केळी आशियातून तिकडे गेली. म्हणूनच हे ताट अनोळखी वाटत नाही. या जेवणात मिरचीचा तिखटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर मंडळीही ते आवडीने खातात.

खालील प्रमाण चार माणसांसाठी आहे.

कोंग्री (राजमा-भात)

काळा राजमा आणि भात एकत्र शिजवला, की त्याला ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ म्हणजे ‘मूर आणि ख्रिश्चन’ असे गमतीदार नाव आहे. पूर्व क्युबात लाल राजमा वापरतात, तो प्रकार ‘कोंग्री’. आपल्याकडे लाल राजमाच सहज मिळतो.

साहित्य : १ वाटी लाल राजमा, २ वाट्या सोना मसुरी तांदूळ, १ मोठा कांदा, १ ढोबळी मिरची, ६ लसूण पाकळ्या, १ चमचा जिरेपूड, २ तमालपत्रे, असल्यास पाव चमचा ओरेगॅनो, ३ मोठे चमचे तेल, चवीपुरते मीठ.

कृती : राजमा रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी टाकून द्यावे. नवे पाणी आणि एक तमालपत्र घालून कुकरमध्ये मऊ, पण दाणा अखंड राहील असा शिजवावा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो, म्हणून घाई करू नये. शिजवलेले पाणी फेकू नये, भाताला रंग आणि चव त्यानेच येते. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतावे. जिरेपूड, ओरेगॅनो, उरलेले तमालपत्र आणि धुतलेले तांदूळ घालून दोन मिनिटे परतावे. राजमा आणि त्याचे चार वाट्या पाणी घालावे, कमी पडल्यास साध्या गरम पाण्याने भर घालावी. मीठ घालून उकळी आली, की झाकण ठेवून मंद आचेवर भात मोकळा शिजवावा. क्युबात यात बहुधा डुकराची चरबी घालतात. शाकाहारी घरात तेलाने काम भागते.

तोस्तोनेस (दोनदा तळलेली केळी)

साहित्य : २ कच्ची नेंद्र केळी, तळणीसाठी तेल, मीठ.

कृती : केळी सोलून इंचभर जाडीचे तुकडे करावेत. मध्यम तेलात फिकट पिवळे आणि मऊ होईपर्यंत तळून काढावेत. गरम असतानाच वाटीच्या बुडाने दाबून चपटे करावेत. तेल चांगले तापवून पुन्हा तळावेत, म्हणजे कुरकुरीत होतात. वरून मीठ भुरभुरावे. नेंद्र न मिळाल्यास भजीसाठी मिळणारी कच्ची केळी चालतात. नेंद्र पूर्ण पिकले असेल तर तिरके काप करून एकदाच तळावेत, तो वेगळा गोड पदार्थ होतो.

युका आणि मोहो

साहित्य : अर्धा किलो मरगेणसू, ८ लसूण पाकळ्या, पाव वाटी तेल, १ लिंबू, अर्धे संत्रे, अर्धा चमचा जिरेपूड, मीठ.

कृती : कंदाची वरची तपकिरी साल आणि आतली जाड गुलाबी-पांढरी साल, दोन्ही काढावीत. मोठे तुकडे करून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, पूर्ण मऊ होईपर्यंत उकडावेत आणि पाणी टाकून द्यावे. या कंदात निसर्गतःच विषारी अंश असतो. तो सोलल्याने आणि उकडल्याने कमी होतो, म्हणून कंद कच्चा कधीही खाऊ नये. मधली दोरीसारखी शीर काढून टाकावी. लसूण आणि मीठ ठेचून वाडग्यात घ्यावे, त्यावर जिरेपूड घालून कडकडीत तेल ओतावे. ही तर आपली फोडणीच! तेल थोडे निवल्यावर लिंबाचा आणि संत्र्याचा रस मिसळावा. क्युबात आंबट संत्रे वापरतात, लिंबू आणि संत्रे मिळून ती चव जवळपास साधते. हा मोहो गरम कंदावर ओतून वाढावा.

पेये

ग्वारापो म्हणजे उसाचा रस. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून ताजा रस आणावा, त्यात लिंबू पिळावे आणि लगेच प्यावा.

मोहितोत क्युबात रम घालतात, ती वगळून घरच्या सर्वांसाठी सरबत होते. प्रत्येक ग्लासात ८-१० पुदिन्याची पाने, २ चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून चमच्याने हलकेच दाबावे. पाने वाटू नयेत, कडू लागतात. बर्फ आणि सोडा घालून द्यावे.

क्युबन कॉफीसाठी बेंगळुरूच्या घरातले फिल्टर उपयोगी पडते. ४ चमचे साखरेत पहिल्या दाट डिकॉक्शनचा एक चमचा घालून साखर फिकट आणि फेसाळ होईपर्यंत घोटावी. उरलेले डिकॉक्शन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवावे, त्यावर ओतावे आणि लहान कपातून दुधाशिवाय द्यावे. आपण कॉफीत चिकोरी मिसळतो, तर क्युबात शिधापत्रिकेवरच्या कॉफीत भाजलेले वाटाणे मिसळण्याची पद्धत आहे.

ताटातला राजमा का सोडू नये

क्युबात शिधापत्रिका १९६२ साली सुरू झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणारे धान्य, तेल आणि इंधन आटले आणि घराघरातले ताट अर्धे झाले. १९९२ साली भारतातूनही मदत म्हणून तिकडे गहू आणि तांदूळ पाठवण्यात आले. त्याच सुमारास क्युबात एक विचित्र आजार पसरला. लोकांची दृष्टी धूसर होऊ लागली, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. पन्नास हजारांहून अधिक लोकांना त्याने ग्रासले. अपुरे पोषण आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांची कमतरता हे त्यामागचे मुख्य कारण ठरले, तंबाखूने त्यात भर घातली. १९९३ साली सरकारने साऱ्या जनतेला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या, तेव्हा साथ ओसरली.

भात, कंद आणि साखर यांनी पोट भरते, पण शरीराची गरज भागत नाही. महिनाअखेरीस किंवा भाव वाढले, की आपल्याकडेही पहिली कात्री डाळीला लागते. नोकरीसाठी बेंगळुरूत एकटी राहणारी मुले-मुली तर नुसत्या चित्रान्नावर दिवस काढतात. त्यांच्यासाठी कोंग्री हा एका भांड्यात होणारा, दोन वेळा पुरणारा बेत आहे. राजमा महाग वाटला तर चवळी किंवा ‘हुरळी’ म्हणजे कुळीथ घ्यावा, हिवाळ्यात अवरेकाळू म्हणजे ताजे पावटे घालावेत. मात्र बी-१२ हे जीवनसत्त्व कडधान्यातून मिळत नाही, म्हणून शाकाहारी घरात जोडीला दही किंवा ताक जरूर असावे. क्युबाच्या ताटात ते नसले तरी बेंगळुरूच्या ताटात ते शोभून दिसते.