आजोबांचा संप

होस्टेलमध्ये युनियनचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतंच, "युनियनवाल्यांनीच गिरण्या बुडवल्या." मीसुद्धा तेच म्हणायचो. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!)

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात तेही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. डॉ. दत्ता सामंतांकडे कामगार स्वतःहून गेले होते. कारण १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि त्या संघावर यांचा विश्वास उरला नव्हता. म्हणजे वर्गाचा सी.आर. कोणालाच नको, तरी सगळ्यांच्या वतीने तोच बोलणार! संप लांबला, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं, आणि पुढे गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग झाली. संपाने नुकसान झालं हे मान्य. पण सगळं खापर युनियनवर?

आपण रविवारी दहापर्यंत लोळतो ना, ती सुट्टी गिरण्यांना मिळाली १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे.

परवा आजोबांना प्लेसमेंटचं सांगत होतो. पॅकेज, बाँड, रात्री अकरापर्यंतचं काम, सगळं. त्यांनी विचारलं, "तुमच्या वतीने बोलतं कोण?"

"एच.आर. असतो ना, आजोबा."

"तो पगार कोणाचा घेतो?"