मनाची हजेरी

मैत्रिणींनो, "प्रार्थनेला बसलं की मन लागतच नाही हो!" ही तक्रार मंडळीतल्या बायकांकडून जितक्या वेळा ऐकू येते, तितकी डाळीच्या भावाचीही येत नाही. डोळे मिटले की कुकरची शिट्टी होते. शास्त्र उघडावे तर नळाला पाणी येते. आमच्या वरवंडकडे उसाला पाणी द्यायचे ते वीज येईल तेव्हा, त्यामुळे घरात अर्ध्या रात्रीही जाग असते. त्यात आता मोबाइलची भर! मग रविवारी उपासनेत आपण बसतो बाकावर, आणि मन मात्र 'गॅस बंद केला होता ना?' म्हणत घरी फिरून येते.

शाळेत हजेरी घेताना मुले 'हजर!' म्हणून ओरडतात, पण त्यातल्या कितीतरी जणांचे मन मैदानावर असते. देवापुढे आपलेही तसेच होते. नाव लागते, मन गैरहजर.

मग काय संसार बाजूला ठेवायचा? मुळीच नाही. याचे उत्तर शोधायला आम्हांला लांब जावे लागत नाही. चौफुल्याहून आत वळले की केडगाव, आणि तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. या बाईंच्या मागे कामे किती होती म्हणता! 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. 1900 पर्यंत मुक्तीत सुमारे दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे होती. एवढ्यांचे दोन वेळचे जेवण, कपडे, दुखणी, शेती, विणकाम, छापखाना! त्यातच ऐकू कमी येत असे. तरी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सगळे बायबल उतरवायला बसल्या. त्याला वर्षानुवर्षे लागली. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून तयार झाले.

मला त्यांची आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळायचा राहिलाच, हे त्यांना काही वर्षांनी उमगले. 1907 मधल्या आत्मकथनात त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे मन अर्धे राहते ते कामांमुळेच असे नाही. आपण कुणासाठी जगतो हे ठरलेले नसले, की रिकामा वेळही पुरत नाही. ते एकदा ठरले, की कामसुद्धा प्रार्थनेला जोडले जाते. जात्यावर बसून देवाशी बोलणारी जनाबाई आपल्या सगळ्यांच्याच ओळखीची आहे ना? लूकच्या शुभवर्तमानातल्या मार्थेलाही प्रभू स्वयंपाकाबद्दल बोलला नाही. तिच्या जिवाची जी ओढाताण चालली होती, तिच्याबद्दल बोलला.

आता घरात करता येतील अशा चार गोष्टी सांगते.

वेळ थोडी घ्या, पण ठरलेली घ्या. महिन्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या.

जवळ कागद-पेन्सिल ठेवा. 'दळण', 'फी', 'गॅसचा नंबर' असे काही आठवले की लिहून टाका. मग ते डोक्यात घोळत नाही. आणि माणूस आठवले, तर त्याच्यासाठीच प्रार्थना करा. तो अडथळा नव्हे, कदाचित त्या दिवशीचे काम तेच असेल.

भाकरी थापताना एका भाकरीला एक नाव घ्या. एक सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, एक धाकट्याच्या परीक्षेसाठी, एक बोलणे टाकलेल्या जावेसाठी. ही तिसरी जरा जड जाते, पण थापायचीच!

रविवारची भाजी शनिवारीच निवडा, कपडे काढून ठेवा. शिवाय घरच्यांना स्पष्ट सांगा, "ही दहा मिनिटं दार तुम्ही उघडायचं, दूध तुम्ही बघायचं." सगळे एकट्या बाईने ओढायचे आणि वर मनही एकाग्र ठेवायचे, हा कुठला न्याय?

हे सारे एवढ्यासाठी सांगते, की मुले आपल्याकडे बघत असतात. आपण उरकल्यासारखी प्रार्थना केली, तर त्यांच्या हाती उरकणेच येईल. उद्या ती पुण्या-मुंबईला नोकरीला गेली, की उरकायचे काम सर्वांत आधी सुटते. जीव लावून केलेले मात्र सहसा सुटत नाही.

या आठवड्यात चारांतली एकच गोष्ट करून पाहा. भाकरीची सोपी आहे. पीठ तर रोज मळतोच आपण!