वाढत्या अंगाची गाडी



शाळेचा गणवेश घेताना आपण सगळेच तो थोडा मोठाच घेतो. वाढत्या अंगाचा असू दे, पुढच्या ईदपर्यंत पुरेल! बावीस वर्षे वर्गात शिकवताना आम्ही असे लोंबते हात कितीतरी पाहिले. पण हाच हिशेब आम्ही दुचाकीला लावायला निघालो होतो, ती हकिकत आज सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची लीग झाली. आमचे साहेबजादे मामूंबरोबर बघायला गेले. तिथे ८५ सीसीच्या ज्युनिअर गटात लहान मुले मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या उडवत होती. घरी आल्यापासून एकच धोशा: डर्ट बाईक. आमचे उत्तर अर्थातच ‘नाही’. महिन्याभराने शाळेतून परतताना हायवेच्या सर्व्हिस रोडवर तो मित्राच्या स्कूटरवर दिसला. मागे नव्हे, पुढे. डोक्यावर हेल्मेट नाही. वय चौदा.

त्या रात्री आमच्या घरात कुणाला जेवण गेले नाही. सोळा वर्षांखाली कसलेच लायसन्स मिळत नाही, सोळानंतर फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, बाकी सगळे अठरानंतर. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे आम्ही दर वर्षी पालकसभेत वाचून दाखवतो! शेवटी ठरले: गाडी चालवायची तर कुंपणाच्या आत, मातीत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. रस्त्यावर चाक टेकले की गाडी विकली.

मग खरेदी. मामूंचे मत, एकदाच २५० ची घ्या, कॉलेजपर्यंत बघायला नको. जुनी गाडी होतीही स्वस्तात. मुलगा बसला तर दोन्ही पाय अधांतरी. ट्रॅकवरच्या उस्तादांनी गाडी गवतावर आडवी केली आणि त्याला म्हणाले, ‘उचल’. तीनदा प्रयत्न झाला, हलली नाही. ‘पडणार तर आहेच,’ ते म्हणाले, ‘अंगावर पडली तर कोण उचलेल?’ मामू गप्प, आम्हीही गप्प.

म्हणून आज बसेल तीच गाडी घ्यावी. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि पडलेली गाडी पोराला एकट्याने उचलता आली पाहिजे. टू-स्ट्रोक गाड्या हलक्या असतात, पण रेसिंगच्या टू-स्ट्रोकची ताकद एकदम अंगावर येते. नवशिक्याला लहान फोर-स्ट्रोक बरी. आम्ही जुनी केएलएक्स ११० घेतली. तेवढ्या पैशात साधी नवी मोटरसायकल आली असती, हे दादीजान अजून ऐकवतात. आणि हेल्मेट, गॉगल, छातीचे कवच, गुडघ्याचे पॅड, उंच बूट यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा. हेल्मेट मात्र जुने घेऊ नये, ते आधी कुठे आपटले आहे हे बाहेरून दिसत नाही.

जुनी गाडी बघायला जाताना इंजिनाला हात लावून पाहावा. आधीच गरम असेल तर थंड इंजिन चालू व्हायला त्रास देते की काय, अशी शंका घ्यावी. अशा गाडीला नंबरप्लेट नसते, आरसी बुकही नसते. तेव्हा मूळ बिलावरचा चेसिस नंबर गाडीशी ताडून पाहावा. नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा.

आमची खरी चूक पुढे झाली. गाडी दर रविवारी बाहेरून लखलखीत धुतली जायची, पण एअर फिल्टर कुणी उघडलाच नाही. दोन महिन्यांत गाडी धापा टाकू लागली. मेकॅनिकने इंजिन खोलले तर सिलिंडरवर ओरखडे. फिल्टरच्या फोममधले तेल सुकून धूळ थेट आत गेली होती. बिल भरताना चिरंजीवांची ईदी संपली, उरलेले आम्ही भरले.

तेव्हापासून फिल्टर त्याच्याकडे. प्रत्येक राइडनंतर तो फिल्टर काढतो आणि धूळ आत जाऊ नये म्हणून तोंडाला स्वच्छ फडके लावतो. फोम पेट्रोलमध्ये धुवायचा नाही, त्याने जोड सुटतात. फिल्टर क्लीनरने, मग साबणाच्या पाण्याने. पिळायचा नाही, नुसता दाबायचा. वाळला की फिल्टरचे तेल सगळीकडे सारखे मुरवायचे. चेन, स्पोक, ब्रेक यांना निघण्याआधी पाच मिनिटे पुरतात, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांप्रमाणे बदलायचे. त्यासाठी राइडचे तास तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, आमच्या पगाराच्या तारखेशेजारीच.

रविवारी असरनंतर तो फिल्टर दोरीवर दादीजानच्या ओढणीशेजारी वाळत असतो. परवा त्यांनी तो स्पंज समजून भांडी घासायला नेला होता. चिरंजीव अनवाणी धावले.